गाव-शिवार चूलबंद

राज्यशास्त्राच्या पुस्तकात मार्गदर्शक तत्त्वांचा धडा असतो. तो शिकवताना मास्तरला घाम फुटतो आणि वर्गाला झोप येते. मूलभूत हक्क शिकवताना तसं होत नाही. हक्क म्हटला की भांडण आलं, भांडण आलं की कोर्ट आलं आणि कोर्ट म्हटलं की शेतकऱ्याच्या घरातलं पोरगं कान टवकारून बसतं, कारण बांधावरून चाललेली एखादी तारीख त्याच्या घरातही असतेच. मार्गदर्शक तत्त्वांत मात्र सगळं 'करावं' या सुरात. सरकारने लोकांचं पोषण सुधारावं, लहानग्यांचं संगोपन करावं, दुबळ्यांची विशेष काळजी घ्यावी, गावच्या पंचायतींना कारभाराचं बळ द्यावं. नाही केलं तर? तर कोर्टात दाद मागता येत नाही. आणि तरीही ही तत्त्वं देशाच्या कारभाराला मूलभूत आहेत, असं घटना त्याच दमात सांगते.

हा धडा मी पिंपळनेरला शिकवला, नोकरीची सगळी वर्षं. एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरून चालत यायची, वर्गात कधी तोंड उघडायची नाही. म्हणाली, "सर, कोर्टमा जाता येत नही, मंग हाई लिखेल शे कसाले?"

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण प्रश्न माझाच होता. मी जनमत, निवडणुका, कायदेमंडळाची जबाबदारी वगैरे जे सांगायचं असतं ते सांगितलं. तिने ते शहाण्यासारखं उतरवून घेतलं आणि खाली बसली. ते उत्तर परीक्षेला पुरेसं होतं. तिला ते पुरलं नव्हतं हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं आणि मलाही कधी पुरलं नाही.

निवृत्त होऊन मी जळगावला पिंप्राळ्यात राहायला आलो. बायको म्हणते की वर्ग सुटला तरी मास्तरकी सुटलेली नाही. दूधवाल्याला मी राज्यपालाचे अधिकार सांगत बसतो आणि तो बिचारा गिऱ्हाईक जाईल म्हणून ऐकून घेतो. असेल तसंही. पण वर्षातून दोन-तीनदा मी रावेर तालुक्यातल्या आमच्या गावी, गावातल्या गावात दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीकडे जातो, आणि तिथे मला कोणी बोलू देत नाही. तिथे अक्का बोलते.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. नवरा गेल्यानंतर केळीचा बाग तिने स्वतः उभा ठेवला. मजूर, व्यापारी, ट्रकवाले, सगळ्यांशी तिचं एकाच आवाजात बोलणं, आणि तो आवाज बांधाच्या पलीकडे ऐकू जातो. गावचा सरपंच तिच्या दिराचा मुलगा. तिला काकू म्हणतो आणि त्या नात्याने मला मामा. पदवीधर आहे, कपडे स्वच्छ, बोलणं गोड. अक्काच्या मते तो चांगला आहे, फक्त त्याला कोणाशी वाईटपणा घ्यायचा नसतो. सरपंचाला तेवढं पुरे पडत नाही, हेही अक्काचंच म्हणणं.

या वर्षी सव्वीस जानेवारीला मी तिच्याकडे होतो. आदल्या दिवशी बागेत कापणी चालू होती. केळीचा घड खांद्यावर घेऊन सरींतून बाहेर आणायचा, बांधावर पसरलेल्या पानांवर अलगद ठेवायचा, फण्या सोडवायच्या आणि ट्रक भरायचा, असं ते काम. हे काम करायला सातपुड्यातल्या पाड्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं उतरतात आणि बागांच्या कडेला खोपटी घालून राहतात. पूर्वी कापणीपुरती यायची. आता एका बागेतून दुसऱ्या बागेत असं करत वर्षातला बहुतेक काळ आमच्याच शिवारात असतात. अक्काच्या बागेत एक जोडपं होतं आणि त्यांची एक तिनेक वर्षांची मुलगी, बोबडं बोलणारी. केस पिंगट, पोट जरा पुढे आलेलं, डोळे मात्र भारी खोडकर.

मी विहिरीजवळ खाटेवर बसलो होतो. ट्रक मागे घेत होते. केळीची पानं कापून बांधावर ढिगाने पडलेली असतात आणि तो ढीग हेच तिथल्या पोरांचं घर. उन्हात थंडगार लागतं, आत शिरलं की बाहेरून काही दिसत नाही. ट्रक त्या ढिगाकडे सरकत होता. एकाएकी त्या मुलीची आई खांद्यावरचा घड टाकून ओरडत धावली. चालकाने ब्रेक मारला. मागच्या चाकाशेजारची पानं हलली आणि त्यातून ही बया हसत बाहेर आली. तिला तो लपाछपीचा खेळ वाटला होता.

कोणाला काही झालं नाही. चालक खाली उतरून बराच वेळ नुसता चाकाला हात लावून उभा राहिला. घड आपटून खराब झाला होता, पण त्याचं नाव कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा बागेत गेलो तेव्हा त्या मुलीच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधलेली होती आणि पट्टीचं दुसरं टोक खोपटाच्या मेढीला. शेरडू बांधावं तशी बांधली होती. आई सरींत कामाला गेली होती. मुलगी पट्टी ताणेल तिथवर जायची, तिथे मातीत बसायची, पुन्हा मागे यायची. अक्का म्हणाली, रोज दुपारी आई तासभर काम सोडून येते, तीन दगडांच्या चुलीवर काहीतरी शिजवते, तिला भरवते आणि पुन्हा जाते. तोवर पोरगी उपाशी, आणि आता बांधलेलीही.

"हिले अंगनवाडीत काहून नही धाडत?" आई घड घेऊन बांधावर आली तेव्हा अक्काने तिला विचारलं.

"नही लेते," ती म्हणाली. आमच्याकडे मध्य प्रदेशाची हद्द जवळ, त्यामुळे डोंगरातली माणसं आमच्याशी अशी मिश्र हिंदीच बोलतात. "बोले, गाव का नही है."

अक्काला राग आला. तिच्या रागात सगळी मायाच नव्हती हे मी सांगून टाकतो. दुपारी बाई काम सोडून गेली की भरणी थांबते आणि ट्रकवाला कुरकुर करतो, हेही त्यात होतं. अक्का संत नाही, बागायतदार आहे. पण ती पट्टी तिला बघवत नव्हती, हेही तितकंच खरं.

त्याच दिवशी झेंडावंदनानंतर ग्रामसभा होती. पंचायतीसमोर मांडव, सतरंजी, बाजूला शाळेची मुलं. सरपंचाने मला आग्रहाने पुढे बसवलं आणि म्हणाला, "मामा, घटनेवर दोन शब्द बोला." माझ्यासारख्याला दोन शब्द म्हणणं म्हणजे बैलाला दोन पेंढ्या दाखवणं. मी मार्गदर्शक तत्त्वांवर बोललो. गावच्या पंचायती ही घटनेनेच सांगितलेली गोष्ट आहे, लहान मुलांचं पोट आणि त्यांची वाढ ही सरकारची जबाबदारी आहे, आणि सरकार म्हणजे फक्त मुंबई नव्हे, हा मांडवसुद्धा सरकारच आहे, असं सगळं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंटाळा संपला की वाजवतात तशा.

टाळ्या संपायच्या आत बायकांमधून अक्का उठली. "माझ्या बागेतली पोरगी मेढीले बांधेल हाये. तिले अंगनवाडीत घ्या."

सरपंच हसला. मोठ्या माणसाचं ऐकून घेताना हसायची त्याची पद्धत आहे. "काकू, अंगणवाडी गावातल्या मुलांची असते. शिवारातली माणसं गावात कशी धरायची? आज इथे, उद्या दुसऱ्या बागेत." मग जरा खालच्या आवाजात, "आणि आपल्या घरांतल्या बायकांचंही बघावं लागतं. पोरं एकत्र बसवली तर उवा, खरूज. नंतर माझ्याच दारात येतील."

अंगणवाडीच्या बाई शेजारीच बसल्या होत्या. त्या मान खाली घालून ओढणीचं टोक गुंडाळत राहिल्या. त्यांना घ्यायचं नव्हतं असं नाही. त्यांना गावाविरुद्ध जायचं नव्हतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, मी आत्ता जे बोललो ते याच मुलीबद्दल होतं. सरपंच पुन्हा हसला आणि अगदी आदराने म्हणाला, "मामा, तुम्हीच शिकवता ना, ते कोर्टात चालत नाही म्हणून?"

पिंपळनेरच्या त्या मुलीचे शब्द पुन्हा कानावर आले. पण तिने ते विचारले होते तेव्हा तिला दार उघडायचं होतं. याने तेच शब्द दाराला कडी म्हणून घातले. मी खाली बसलो. मला वाईट वाटलं आणि स्वतःचा रागही आला, कारण त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती.

घरी येताना अक्का म्हणाली, "तुह्या पुस्तकात दम नही रे भाऊ."

मी म्हटलं, "दम पुस्तकात नसतो, माणसांत असतो."

"मंग मानसांयले सांग. पुस्तकाले काहून वाचून दाखोतो?" असं म्हणून ती पुढे चालू लागली. तिचं चालणं माझ्याहून जोरात आहे, अजूनही.

त्यानंतर मी गेलो तो थेट हनुमान जयंतीला. आमच्या गावाकडे त्या दिवशी भंडारा असतो आणि तो पाळीने एकेका घराण्याकडे येतो. या वर्षी पाळी अक्काच्या सासरची होती, म्हणजे यजमान सरपंचच. आठवड्याभरापासून बट्ट्यांचं पीठ, तुरीची डाळ, वांगी, तूप, सगळी धावपळ त्याच्या अंगणात. उन्हाळा तापलेला. मी आदल्या दिवशी उतरलो तेव्हा आधी बागेत डोकावलो. ते जोडपं तिथेच होतं. पट्टीही तिथेच होती, फक्त थोडी आखूड झाली होती, कारण मुलगी आता गाठ सोडायला शिकली होती आणि आईने ती मागच्या बाजूने, तिच्या हाताला लागणार नाही अशी मारली होती. मला पाहून ती धावत आली आणि पट्टी ताणून मधेच थांबली. मी पुढे झालो. खिशात खडीसाखर होती ती दिली.

आता आवतणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे जेवणाचं आवतण एकाच प्रकारचं नसतं. घरटी एक असतं, म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसाने यायचं. आणि सर्वांत मोठं ते चूलबंद. चूलबंद आवतण आलं की त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, पाळण्यातल्या पोरापासून अंथरुणावरच्या म्हाताऱ्यापर्यंत सगळे जेवायला. आवतण घेऊन कोणी घरी चूल पेटवली तर तो यजमानाचा अपमान. आणि आवतण दिलेला माणूस उपाशी परत गेला तर यजमानाच्या घराण्याचं नाव गेलं, पुढच्या पिढीपर्यंत. याला कुठला कायदा नाही. चूलबंद आवतण देऊन वाढलं नाही म्हणून रावेरच्या कोर्टात कोणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. पण ते मोडल्याचंही ऐकलेलं नाही.

भंडाऱ्याच्या सकाळी मंदिराचा भोंगा सुरू झाला. आरती झाली, भजनाची दोन-तीन कडवी झाली आणि मग यजमान म्हणून सरपंचाने माईक हातात घेतला. आवाज छान आहे त्याचा. त्याने देवाचं नाव घेतलं, घराण्यातल्या थोरांची नावं घेतली आणि आजोबा-पणजोबांच्या काळापासून जसं म्हणतात तसंच म्हणाला, "गाव-शिवार चूलबंद आवतण आहे हो! गाव-शिवार चूलबंद!"

मी ओट्यावर चहा पीत होतो. हे शब्द मी लहानपणापासून ऐकलेले. कानावर पडले आणि सरळ निघून गेले. पूर्वी शिवारात राहणारं असायचं कोण? एखादा सालदार, एखादा राखणदार. त्यांना विसरू नये म्हणून जुन्या माणसांनी 'शिवार' जोडलं असणार. पुढे ते नुसतं म्हणायचं म्हणून राहिलं. शिवारात केव्हाच एक दुसरं गाव वसलं होतं, तरी म्हणणारा म्हणत होता आणि ऐकणारे ऐकत होते.

अक्का आत तांब्या भरत होती. ती हातातला तांब्या तसाच ठेवून बाहेर आली.

"काय म्हनला तो?"

"कोण?"

"भोंग्यावर. पुन्हा सांग."

"गाव-शिवार चूलबंद," मी म्हटलं, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अक्काने पायात चपला सरकवल्या होत्या. "चाल," ती म्हणाली. चहा अर्धाच राहिला.

बागेत पोहोचलो तेव्हा मुलीची आई तीन दगडांपुढे वाकली होती. कापणीला सुट्टी होती, म्हणून जरा निवांत स्वयंपाक करायच्या बेतात असावी. केळीचं वाळलेलं पान नुकतंच पेटलं होतं.

"इझव ते," अक्का म्हणाली. "आज चूल पेटवाची नही. आवतन हाये."

ती बाई वाकल्या जागीच वळली. "हमकू बी?"

"भोंग्यावर सांगलं ना. शिवार म्हनला तो. तू शिवारात नही तं काय आभायात राह्यते?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे. मी मान हलवली. मास्तरने मान हलवली की माणसं धीर धरतात, एवढा एक उपयोग मला अजून उरला आहे. तिने जळतं पान मातीत दाबलं. अक्काने तिच्या नवऱ्याला सांगितलं की जितक्या बागांत तुमची माणसं असतील तितक्यांना जाऊन सांग, चुली विझवा म्हणावं. आणि स्वतः वाकून त्या मुलीच्या मागची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती. म्हातारीची बोटं, पण शेवटी सुटली.

मंदिराकडे जाताना मला धास्ती वाटत होती. अक्काला नव्हती, निदान तिने दाखवली नाही. पहिली पंगत बसली होती. केळीची पानं मांडलेली, त्यांवर चुरलेल्या बट्ट्या, वरून तूप, घोटलेली वांग्याची भाजी. सरपंच धोतर खोचून वरणाची बादली घेऊन फिरत होता. आणि तेव्हा बागांच्या वाटेने ती माणसं आली. अंघोळी करून, केस विंचरून, बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसलेली, गळ्यात चांदी. मांडवाच्या कडेला येऊन सगळे थांबले. आत पाय टाकायला कोणी तयार नव्हतं.

पंगतीतल्या माना तिकडे वळल्या. सरपंच बादली घेऊन अक्काजवळ आला आणि दात आवळून, पण आवाज न चढवता म्हणाला, "काकू, हे काय?"

"तूच बोलावलं."

"मी?"

"गाव-शिवार म्हनला ना तू? की भोंगा म्हनला?"

त्याने बादली दुसऱ्या हातात घेतली. त्याच्या कपाळावर घाम होता, तो उन्हाचा असेल किंवा नसेल. गावातल्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. अंगणवाडीच्या बाई पानाऐवजी माझ्याकडे बघत होत्या, जणू याचं उत्तर माझ्याकडे असावं. तेवढ्यात पहिल्या पंगतीतून घराण्यातले सर्वांत म्हातारे नाना म्हणाले, "पाहुने उभे काहून? बसवा ना. अन्न पुढं ठेवून मानसं उभी राह्यतात का कुठं?"

त्यांना ऐकू कमी येतं, दिसतंही बेताचं. कोण आलं आहे हे त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. पण आवतण म्हणजे काय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सरपंचाने बादली खाली ठेवली, दोन्ही हातांनी वाट दाखवली आणि म्हणाला, "या. बसा."

दुसरी पंगत मिसळून बसली. ठरवून नव्हे, जागा होती तशी. सरपंच स्वतः वाढत होता आणि चूलबंदाच्या रीतीप्रमाणे प्रत्येकापुढे थांबून विचारत होता, "वाढू?" त्या मुलीपुढे आला तेव्हाही त्याच्या तोंडून तेच गेलं. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात पुढे केले. पानावर भरपूर होतं, तरी तिला हातातच हवं होतं. त्याने बट्टीचा तुकडा तुपात बुडवून तिच्या हातावर ठेवला. मला भरून आलं. लपवण्यासारखं त्यात काही नाही, म्हणून लिहितो.

शेवटची पंगत उठली की यजमानाने जेवायच्या आधी माईकवरून विचारायचं असतं, कोणी उपाशी राहिलं आहे का म्हणून. सरपंचाने विचारलं, "कोणी राहिलं का हो? गाव-शिवारात कोणी उपाशी राहिलं का?" या खेपेला 'शिवार' म्हणताना तो किंचित अडखळला. अक्का त्याच्या शेजारी पानं गोळा करत होती.

"आज नही राह्यलं," ती म्हणाली. माईक जवळच होता, तेव्हा ते सगळ्या गावाने ऐकलं. "उद्याचं सांग."

माईक खरखरला. सरपंचाने तो बंद केला. मग अक्काकडे न बघता, अंगणवाडीच्या बाईंकडे बघत म्हणाला, "उद्यापासून घ्या. मी बोलतो वर."

वर, म्हणजे तालुक्याच्या बालविकास कार्यालयात, बोलला तेव्हा तिकडच्या मॅडमनी म्हणे उलट त्यालाच विचारलं, "बाहेरून कामाला आलेल्यांची मुलं घ्यायचीच असतात. तुम्हाला अडवलं कोणी?" म्हणजे सरकारच्या कागदावर त्या मुलीला जागा आधीपासून होती. दिल्लीपासून रावेरपर्यंत कोणी नाही म्हटलं नव्हतं. अडलं होतं ते आमच्याच वेशीत. हे कळल्यावर मला हसावं की चिडावं ते समजेना. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, चिडा, तुम्हाला ते चांगलं जमतं.

सगळं काही गोडीगुलाबीने झालं असं नाही. सरपंच अक्काशी काही दिवस धड बोलत नव्हता. एक-दोन घरांनी आपली पोरं थोडे दिवस घरी ठेवली. बाईंनी उवांवर बोलत बसण्यापेक्षा फणी आणि तेलाची बाटली आणली आणि सगळ्याच पोरींना रांगेत बसवलं. तेव्हा असं निघालं की उवा गाव-शिवार दोन्हीकडे सारख्याच होत्या. घरी ठेवलेली पोरं परत आली.

हे मला अक्का फोनवर सांगायची. पण फोनवरच्या अक्कावर माझा पुरता विश्वास नाही. तिला आपली बाजू जिंकलेली सांगायला आवडते. म्हणून पुढच्या कापणीला मी स्वतः गेलो. भर दुपार होती, ऊन असं की बागेतली पानंही मान टाकून होती. अक्का ट्रकपाशी व्यापाऱ्याशी वाद घालत होती. मी सरळ खोपटाकडे गेलो.

खोपटात कोणी नव्हतं. मेढीला ती लुगड्याची पट्टी लोंबत होती, मोकळी. आणि तीन दगडांची चूल थंड होती. मी वाकून राखेला हात लावला. सकाळची असेल, पण दुपारी पेटलेली नव्हती. आमच्याकडे जेवायच्या वेळेला कोणाच्या घरी चूल थंड दिसली तर माणूस दारातच थांबतो, काय वाईट घडलं असेल म्हणून. निघून गेले? की पोरगी आजारी पडली? की गावाने पुन्हा काढून दिलं?

मी धापा टाकत बांधावर आलो. मुलीची आई खांद्यावर घड घेऊन सरीतून बाहेर येत होती, नेहमीच्या चालीने, दुपार असून. मला पाहून ती हसली. अक्का माझा चेहरा बघून ओरडली, "काय झालं रे भाऊ तुले?"

"चूल थंड आहे त्यांची," मी म्हटलं. "भर दुपारी."

अक्काने माझ्याकडे पाहिलं. वर्गात न समजलेल्या पोराकडे मी वर्षानुवर्षं ज्या नजरेने पाहिलं, तसं.

"मंग?" ती म्हणाली. "पोरगी अंगनवाडीत जेवते. दुपारी कोनासाठी पेटवीन ते? आवतन हाये अजून तिले."

आणि ती पुन्हा व्यापाऱ्याशी भांडायला वळली.